अंतराळाचा ‘आवाज’ छापताना चार ओळी जास्त छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कृष्णविवराचा आवाज ऐका’, ‘सूर्य गुणगुणतो’ अशा मथळ्यांच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता वरचेवर दिसतात. शेजारी क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की पंधरा-वीस सेकंदांचा घुमारा ऐकू येतो आणि वाचकाची समजूत होते की कुणीतरी तिकडे माइक लावून ठेवला होता. या बातम्या खोट्या नसतात, पण त्यांचा कणाच जागेअभावी कापलेला असतो. नेमके काय मोजले आणि त्या मोजमापाचा आवाज कसा केला, हे कळले नाही तर तो घुमारा नुसती करमणूक ठरतो. हे कळले, तर तोच आवाज आलेखाइतका कामाला येतो. त्यासाठी बातमीत चारच ओळी जास्त लागतात : कोणती राशी मोजली, तिच्यातल्या कशाचा स्वर केला, वेळ किती पट आवळली आणि वरून काय मिसळले.

पर्सियस, म्हणजे ययाती तारकासमूहाच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहाचेच पाहा. तिथल्या मध्यवर्ती कृष्णविवरामुळे भोवतालच्या तप्त वायूत दाबाच्या लाटा उठतात, हे चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २००३ मध्ये जाहीर झाले. तिथे वायू आहे, त्यामुळे या खऱ्याच ध्वनिलहरी आहेत. ‘पोकळीत आवाज कसा?’ हा आक्षेप इथे लागू होत नाही. पण एका आंदोलनाला सुमारे एक कोट वर्षे लागतात. पेटीच्या भाषेत हा स्वर काळी पाच, मात्र मधल्या ‘पांढरी एक’च्या तब्बल ५७ सप्तके खाली. २०२२ मध्ये नासाने तो ५७ आणि ५८ सप्तके वर चढवून ऐकवला. सप्तक चढले की कंपनसंख्या दुप्पट होते. ५७ वेळा दुप्पट केली की ती १४४ वर १५ शून्ये इतक्या पटीने वाढते. शिवाय या लाटा कुणी कानाने टिपलेल्या नाहीत. क्ष-किरण चित्रातल्या तेजाच्या कड्यांवरून, केंद्रापासून बाहेरच्या दिशेने, त्या काढल्या आहेत. हे एवढे सांगितल्याने आवाजाची जादू कमी होत नाही. उलट ‘एक कोट वर्षे’ हा आकडा त्या घुमाऱ्यापेक्षा जास्त काळ मनात राहतो.

याच्या उलट टोकाला लायगो या अमेरिकेतल्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेने १४ सप्टेंबर २०१५ रोजी पकडलेली गुरुत्वीय लहर आहे. ती ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत, सुमारे ०.२ सेकंदात चढत गेली. ही कंपनसंख्या माणसाच्या कानाच्या आवाक्यातलीच आहे. काही ध्वनिफितींत मात्र ती मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू यावी म्हणून ४०० हर्ट्झने वर सरकवलेली होती. दोन्ही प्रकारच्या फिती ‘मूळ आवाज’ म्हणून फिरल्या. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. ती सुरू झाल्यावर अशा फिती मराठीत रोज येतील. तेव्हा तरी ही गल्लत नको.

पल्सारचे, म्हणजे वेगाने गिरक्या घेत ठरावीक वेळाने रेडिओस्पंद देणाऱ्या ताऱ्यांचे, ‘ठोके’ या दोहोंच्या मधले. नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे, तिच्यासारख्या दुर्बिणी जे पकडतात त्या कोट्यवधी हर्ट्झच्या रेडिओलहरी असतात. त्या ऐकू येणे शक्यच नाही. त्यांची ताकद किती वेळाने वरखाली होते, ते मात्र ऐकता येते. वेला पल्सार सेकंदाला साधारण ११ ठोके देतो, क्रॅब ३०. इथे लय ताऱ्याची असते, बोल आपण भरलेले. ठोका पखवाजासारखा घुमला की टिचकीसारखा वाजला, यावरून ताऱ्याबद्दल काहीही सांगता येत नाही.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्या किनाऱ्याकडे येऊ. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते आहे. त्याआधी हे काम मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून चाले. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडेल, म्हणून वेधशाळेने बंदर ओलांडून अलिबाग गाठले. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळात क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) कोसळल्याची कुलाब्याची हाताने लिहिलेली नोंद आजही त्या वादळाच्या अभ्यासात आधाराला घेतात. आज ही वेधशाळा पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि तिचे मिनिटा-मिनिटाचे आकडे इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यातून, ‘एबीजी’ या खुणेने, कुणालाही पाहता येतात. अंतराळविज्ञानाचे ध्वनिरूपांतर कोकणातल्या शाळेत करायचे तर नासाच्या दारात जायला नको. कच्चा माल अलिबागला आहे.

१० मे २०२४ च्या चुंबकीय वादळापासून सुरुवात करावी. त्या वेळी पृथ्वीभरच्या निर्देशांकात सुमारे ४०० नॅनोटेस्लाची घट झाली होती, लडाखमध्ये हान्लेच्या आकाशात तांबूस अरोरा दिसला होता. १० ते १२ मे असे तीन दिवस घेतले तर मिनिटाचे ४३२० आकडे मिळतात. फाइल साध्या मजकुराची असते. वरच्या माहितीच्या ओळी सोडून आडव्या घटकाचा रकाना गणनपत्रकात घ्यायचा.

पहिला घोटाळा इथेच होतो. ज्या मिनिटाची नोंद नाही तिथे फाइलमध्ये ९९९९९ लिहिलेले असते. अलिबागचा आडवा घटक साधारण ३८ हजार नॅनोटेस्ला आणि वादळातली हालचाल काहीशे नॅनोटेस्लाची. ते ९९९९९ तसेच राहिले तर संगणक त्यालाच वादळाचे शिखर समजतो. सगळे खरे चढउतार त्याच्यापुढे चिरडून सपाट होतात आणि कानावर एक फटाका तेवढा येतो. त्या जागी शून्य भरणे तितकेच वाईट, कारण ३८ हजारांवरून शून्यावर पडलेली दरी हाही फटाकाच. एक-दोन मिनिटांची फट असेल तर दोन्ही बाजूंच्या आकड्यांमधून सरळ रेषेने भरावी. मोठी असेल तर तेवढा वेळ शांतता ठेवावी आणि तसे सांगावे.

मग प्रत्येक पाच मिनिटांची सरासरी काढावी. तीन दिवसांचे ८६४ आकडे होतात. सेकंदाला दहा स्वर वाजवले तर ८६ सेकंदांची फीत. आदल्या शांत रात्रीची सरासरी शून्य धरून, उणे ६०० ते अधिक १०० नॅनोटेस्ला हा पट्टा २२० ते ८८० हर्ट्झ या दोन सप्तकांवर बसवावा. दोन सप्तकांत २४ पट्ट्यांची अंतरे, म्हणजे दर पट्टीला साधारण २९ नॅनोटेस्ला. आकडा थेट हर्ट्झमध्ये गुणू नये, ही दुसरी मोठी चूक. कान गुणोत्तर ऐकतो. १०० वरून २०० हर्ट्झ म्हणजे अख्खे सप्तक, आणि ९०० वरून १००० म्हणजे दोन पट्ट्यांपेक्षाही कमी. थेट गुणले तर खालच्या भागातली हालचाल दणदणीत आणि वरच्या भागातली तेवढीच हालचाल नगण्य वाटते. म्हणून आधी पट्टीचा क्रमांक काढायचा, मग २२० ला २ च्या (क्रमांक भागिले १२) इतक्या घाताने गुणायचे. क्रमांक अपूर्णांकात आला तर तसाच ठेवावा.

पुष्कळ जण इथे क्रमांक पूर्ण करून एखाद्या रागात बसवतात. भूपात बसवले की कानाला फारच गोड लागते. पण दोन सप्तकांत भूपाचे जेमतेम अकरा स्वर. ७०० नॅनोटेस्लाचा पट्टा अकरा पायऱ्यांत कोंबला की छोटी हालचाल एकाच पायरीवर उभी राहते आणि किंचित मोठी हालचाल एकदम उडी मारते. ती उडी पृथ्वीच्या क्षेत्राची नसते, रागाची असते. गणेशोत्सवातल्या प्रदर्शनाला हे चालेल. अभ्यासाला चालणार नाही.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी. संगणकाला ‘आपोआप पट्टा ठरव’ म्हटले की तो प्रत्येक दिवसाचा किमान आणि कमाल आकडा ओढून पूर्ण दोन सप्तके भरतो. अलिबागला शांत दिवशीही सूर्याच्या उष्णतेने आणि प्रारणाने आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, प्रवाह वाहतात आणि आडवा घटक चाळीस-पन्नास नॅनोटेस्लाने वरखाली होतो. आपोआप पट्टा लावला तर हा शांत दिवस आणि १० मेचे वादळ सारखेच भयंकर ऐकू येतात. ठरलेला पट्टा सगळ्या दिवसांना एकच ठेवला, तर शांत दिवस दोनेक पट्ट्यांत सावकाश डोलतो. मग १० मेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास स्वर अचानक वर उडतो, काही वेळ थरथरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत धक्के खात खाली कोसळत राहतो. फितीत ही घसरण जेमतेम अकरा सेकंदांची, पण शेजारी डोलणारा शांत दिवस ऐकलेल्याला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. ती पहिली उडी पाच मिनिटांच्या सरासरीत बोथट होते, म्हणून तेवढा एक तास मिनिटाच्या आकड्यांवर वेगळा ऐकवावा.

स्वर बदलताना लहरीची कला (फेज), म्हणजे आंदोलनातली तिची त्या क्षणाची जागा, तुटू देऊ नये. प्रत्येक स्वर शून्यापासून नव्याने सुरू केला तर जोडावर ‘टक’ होते. सेकंदाला दहा स्वर म्हणजे दहा टका, आणि ऐकणारा विचारतो की हा पल्सार आहे का. मागच्या स्वराची कला जिथे संपली तिथूनच पुढचा स्वर सुरू केला की ते जाते.

आकड्यांनाच ध्वनिलहरीचे नमुने मानून सरळ वाजवायचीही एक पद्धत आहे. त्यासाठी माहिती भरपूर हवी. तीन दिवसांचे ४३२० आकडे सेकंदाला ४४१०० या वेगाने एक दशांश सेकंदात संपतात. कानाला नुसती टिचकी. २०२४ चे पूर्ण वर्ष घेतले तर ५,२७,०४० आकडे, म्हणजे बारा सेकंद. त्यात रोजचा सूर्याचा डोल ३०.६ हर्ट्झचा खर्ज होतो. मोबाइलचा स्पीकर तो देऊच शकत नाही, चांगले हेडफोन लागतात. आधी सरासरी वजा करावी, नाहीतर ३८ हजारांचा स्थिर भार सगळी जागा खाऊन टाकतो आणि सुरुवातीला-शेवटी स्पीकर दणका देतो. दोन्ही टोकांना दहा मिलिसेकंदांचा चढ-उतार द्यावा. सेकंदाचे आकडे मिळाले तर मजा वाढते : दिवसाचे ८६,४०० आकडे सेकंदाला ८००० ने वाजवले की फीत पावणेअकरा सेकंदांची होते, आणि क्षेत्रातले वीस सेकंदांचे स्पंदन ४०० हर्ट्झचा स्पष्ट स्वर बनते.

‘आदित्य-एल१’ हे सूर्याचा अभ्यास करणारे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला आहे. त्याच्यावरही चुंबकमापक आहे आणि त्याची माहिती इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते. डाव्या कानात आदित्य, उजव्या कानात अलिबाग, दोन्हीकडे वेळेचे गणित एकच. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटरने आला तर डावीकडची खळबळ उजवीकडे तासाभराने पोहोचते. ७५० ने आला तर अर्ध्या तासाच्या थोडे पुढे. पाच मिनिटांच्या स्वरांच्या हिशेबात हा फरक बारा स्वरांचा आणि सातेक स्वरांचा. अवकाश-हवामानाचा इशारा किती वेळ आधी मिळू शकतो, हे दोन कानांतल्या अंतराने मुलांना एका मिनिटात समजते.

या सगळ्यात वेळ आवळावी लागते. एकही पट न आवळता ऐकता येईल असेही काही आहे, आणि त्यासाठी आपला सडा, म्हणजे कोकणातले जांभ्या खडकाचे उघडे पठार, उत्तम जागा आहे. विजेच्या कडकडाटातून निघणाऱ्या रेडिओलहरींचा मोठा भाग काही किलोहर्ट्झचा असतो. तो ध्वनी नाही, पण कंपनसंख्या कानाच्या आवाक्यातली आहे. अँटेनावरचा विद्युतदाब मोठा करून हेडफोनला दिला की झाले. जमीन आणि आयनांबर यांच्यामधून शेकडो किलोमीटर उसळत येताना रात्री या लहरींना एक शेपूट फुटते आणि ‘टिऊ’ असा पाण्याचा थेंब पडल्यासारखा आवाज येतो. त्याला ट्वीक म्हणतात. दिवसा आयनांबराचा खालचा थर ती शेपूट शोषून घेतो.

त्यासाठीचे यंत्र असे : दीड-दोन मीटरची उभी तार किंवा सळई, बीएफ-२४५ किंवा जे-३१० जातीचा जेफेट ट्रान्झिस्टर, त्याच्या गेटला १० मेगओहमचा रोध, आधी १०० किलोओहम आणि २२ पिकोफॅरडचा छोटा गाळणीमार्ग (नाहीतर मध्यम लहरींवरची रेडिओ केंद्रे आत घुसतात), सोर्सला ४.७ किलोओहम, ९ व्होल्टची बॅटरी, १ मायक्रोफॅरडमधून रेकॉर्डर. मोबाइलचा चार्जर जवळपास नको. विजेच्या तारांपासून निदान अर्धा किलोमीटर दूर जावे लागते. ५० हर्ट्झची घरघर आणि तिच्या पटी ट्वीकला झाकून टाकतात. झाडाखालीही उभे राहू नये, पानांचे छत्र विद्युतक्षेत्र गिळते. म्हणूनच उघडा सडा. तिथे एक अडचण आहे : जांभ्यात भूजोडाची खुंटी जात नाही. पाच-सात मीटर उघडी तांब्याची तार ओल्या खडकावर पसरून काम भागते.

किनाऱ्यावर यंत्र हळूहळू बहिरे होते आणि कारण सापडत नाही, अशी तक्रार हमखास येते. खाऱ्या हवेचा ओलसर थर यंत्राच्या सर्किटच्या पाटीवर बसतो आणि १० मेगओहमच्या रोधाला समांतर गळती सुरू होते. रोध प्रत्यक्षात एक मेगओहमवर आला की यंत्राची खालची हद्द काहीशे हर्ट्झवरून चढून तीन-चार किलोहर्ट्झवर जाते, आणि ट्वीकची शेपूट नेमकी त्याच्या खाली, १.७ ते १.८ किलोहर्ट्झवर असते. कडकड ऐकू येते, ‘टिऊ’ येत नाही. पाटी स्पिरिटने धुऊन, वाळवून, वार्निशचा हात द्यावा.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झने, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, रेकॉर्डरची आपोआप आवाज जुळवणारी सोय बंद करून. यंत्र चालते की नाही याची खूणही आहे : तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या नौदलाच्या प्रक्षेपकाची १८.२ किलोहर्ट्झची रेषा वर्णपटात दिसली पाहिजे. मग ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक-प्रणालीत ट्वीक ताणून पाहावा. शेपटीची खालची कंपनसंख्या १७५० हर्ट्झ निघाली, तर प्रकाशाचा वेग भागिले तिची दुप्पट, म्हणजे आयनांबराचा तळ त्या क्षणी सुमारे ८६ किलोमीटरवर. मोजण्यात ५० हर्ट्झ चुकले तर उत्तर अडीच किलोमीटर चुकते. वर्णपटाची खिडकी १०२४ नमुन्यांची ठेवली तर कंपनसंख्या ४७ हर्ट्झपर्यंत कळते, पण वेळ २१ मिलिसेकंदांनी पुसट होते; ५१२ ला याच्या उलट. दोन्ही करून पाहावे. जवळपास गडगडाट ऐकू आला की काम तिथेच थांबवून छपराखाली जावे. सड्यावर उभी सळई हातात धरणे जिवावर बेतेल, आणि आपल्याला हव्या त्या विजा तशाही शेकडो किलोमीटर लांबच्या असतात.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी हे काम आणखी महत्त्वाचे आहे. पोर्टो रिकोच्या खगोलशास्त्रज्ञ वांडा दियास-मर्सेद यांनी दृष्टी गेल्यावर गॅमा किरणांच्या स्फोटांचा अभ्यास ध्वनिरूपांतरानेच चालू ठेवला. आलेखाला जसे अक्ष असतात तसे आवाजालाही लागतात : सुरुवातीला शून्याचा स्वर दोन सेकंद, मग पट्ट्याचे खालचे आणि वरचे टोक, आणि दर सहा तासांना एक हलकी टिचकी. मागे संगीत अजिबात नको. दोन खऱ्या फितींबरोबर आकडे पिसून केलेली तिसरी फीत न सांगता ऐकवावी. तीही तितकीच ‘गूढ’ वाटली, तर दोष आपल्या रूपांतरात आहे.

संपादक महोदय, आपल्याकडे विनंती इतकीच. यापुढे अशी बातमी छापाल तेव्हा त्या चार ओळी क्यूआर कोडच्या खाली कागदावरच छापा. कोडमागची फीत शक्यतो डब्ल्यूएव्ही असू द्या, एमपी३ मध्ये बारीक थरथर आधी पुसली जाते. व्हॉट्सॲपने पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, असेही तिथे लिहा. आणि फितीच्या सुरुवातीला त्याच चार ओळी मराठीत बोललेल्या असाव्यात, म्हणजे ज्यांना छापील ओळी दिसत नाहीत त्यांनाही आपण काय ऐकणार आहोत ते आधी कळेल.

आपले,
विज्ञान शिक्षक व आकाशनिरीक्षक,
रत्नागिरी